करंजगुड्याला अशोक नेताना

सम्राट अशोकाबद्दल माझ्या मनात शंका आहेत, हे मी घरात सहसा बोलत नाही. आमच्या घरी बुद्धवंदना होते, बैठकीच्या भिंतीवर अशोकचक्र आहे, आणि नात्यात अशोक नावाचे निदान चार जण आहेत. अशा घरात ‘पण कलिंगातल्या लोकांचं काय?’ असं विचारणं म्हणजे पंगतीत बसून वाढणाऱ्याला भातातला खडा दाखवण्यासारखं आहे.

मी नांदेडला मुलींच्या शाळेत इतिहास शिकवते. पुस्तकात ‘महान’ लिहिलंय म्हणून वर्गातही महान म्हणते आणि पुढच्या धड्याकडे वळते. पण शंका जात नाही. लाखभर माणसं मारून झाल्यावर ज्याला वाईट वाटलं, त्याला आपण महान म्हणतो. मारायच्या आधीच ज्याला वाईट वाटलं असेल आणि जो घरी बसला असेल, अशा राजाचं नाव मला तरी कुणी शिकवलं नाही.

त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत दादाराव घरी आले आणि म्हणाले, “ताई, माघ पौर्णिमेला आमच्या गावात अशोकस्तंभ उभारतो आहोत, तुमी बोलायला या,” तेव्हा मी सावध झाले. दादाराव म्हणजे माझ्या नणंदेचे धाकटे दीर. तेव्हाच्या आंध्रातल्या आदिलाबाद जिल्ह्यात, इचोड्याच्या आत जंगलाकडे करंजगुडा नावाचं गाव आहे, तिथल्या मराठी शाळेत ते मास्तर आहेत.

“तुमच्याकडे बोलणारे नाहीत का?” मी विचारलं.

“बोलनारे लय हाईत. इतिहास शिकवनारं मानूस पाह्यजे.”

“काऊन?” मी त्यांच्याच बोलीत विचारलं.

ते हसले, चहा संपवला आणि उत्तर न देता निघून गेले. इतिहासाची बाई मुद्दाम बोलावणाऱ्याला तिच्याकडून काहीतरी सिद्ध करून घ्यायचं असतं, एवढं मला इतक्या वर्षांच्या नोकरीत कळलंय. तरी मी हो म्हटलं. नांदेडपासून इतक्या जवळ असून तो मुलूख मी पाहिला नव्हता, आणि नणंदही बरेच दिवस बोलावत होती.

मुधोळ

बासरला रेल्वे सोडली आणि बसच्या पाट्या एकदम तेलुगू झाल्या. ती गोल गोल अक्षरं दिसायला फार सुंदर आहेत, पण वाचता येत नसलं की प्रत्येक पाटी आपल्यापासून काहीतरी लपवतेय असं वाटतं. मी तिघांना विचारून बसमध्ये चढले आणि चढल्यावर चौथ्याला विचारलं. तो मराठीत म्हणाला, “बाई, मुधोळलाच चालली. तुमी बसा ना निवांत.” शेजारी बोरांची टोपली घेऊन बसलेली बाई कंडक्टरशी तेलुगूत, माझ्याशी मराठीत आणि मागच्या व्यापाऱ्याशी हिंदीत भांडत होती. तिन्ही भाषांत तिचाच विजय झाला.

नणंदेनं अंबाडीची भाजी केली होती. आमच्याकडे अंबाडीत तांदळाच्या कण्या घालून वर लसणाची फोडणी देतात. इथं भाजी हिरव्या मिरचीत घोटलेली होती, आणि सोबत भाकरीबरोबर भातही आला, भातावर चिंचेचं पातळ चारू. भाकरी आधी की भात आधी, या विचारात मी थांबले तर नणंद म्हणाली, “दोन्ही खाय. हितं दोन राज्यं एका ताटात असतेत.”

जेवणं झाल्यावर तिचे सासरे, म्हणजे दादारावांचे वडील लिंबाजीबाबा, ओसरीवर माझ्यासमोर येऊन बसले. ऐंशीच्या आसपासचे असावेत. उभं आयुष्य एका देशमुखाच्या शेतात सालगडी म्हणून गेलेलं. हातांची बोटं अजून नांगराची मूठ धरल्यासारखी वाकलेली.

“तू अशोकावर बोलनार म्हने,” ते म्हणाले.

“हो बाबा.”

“दादाराव तिसरीत होता. शाळेतून आला न म्हने, बाबा, आपला एक राजा होता. म्या म्हनलं, काय येड्यावानी बोलतं? आपल्याले देशमुखाच्या ओसरीवर चढाची सोय नाई, आपला राजा कुठून आला? त्यानं पुस्तक उघडून दाखवलं. मले वाचता कुठं येते. सिंव दिसले. तो म्हने, ह्या राजानं बुद्धाचा धर्म घेतला, अन् साऱ्या देशावर राज्य केलं.” बाबा थोडे थांबले. “दुसऱ्या दिवशी वावरात गेलो. काम तेच, बैल तेच, शिव्या त्याच. पन मले वाटे, आपन काई उगाच जल्मलेली मानसं नाई.”

मी पाण्याचा तांब्या त्यांच्याकडे सरकवला.

“चांगलं बोल,” ते म्हणाले, आणि भिंतीला धरत उठून आत गेले.

त्या दुपारी मला प्रथमच वाटलं की आपण आलो नसतो तर बरं झालं असतं. पुस्तकातल्या अशोकावर शंका घेणं सोपं होतं. या म्हाताऱ्याच्या अशोकावर कशी घ्यायची?

निर्मल

दादारावांनी एक काम माझ्यावर टाकलं होतं. स्तंभ सिमेंटचा, गावातच ओतलेला. पण वरचे चार सिंह निर्मलच्या कारागिराकडून लाकडात करवून घेतले होते, ते मी येता येता आणायचे. निर्मलची खेळणी माहीत नाहीत असं घर नांदेडात नसेल. पोनिकीचं हलकं लाकूड, चिंचोक्याच्या खळीत भुसा कालवून केलेले सांधे, आणि वर चकचकीत रंग.

कारागिरानं कापड बाजूला केलं. मी सिंहांकडे पाहिलं, सिंहांनी माझ्याकडे पाहिलं. चारही जण प्रसन्न हसत होते.

“हे हसतात का?” मी हिंदीत विचारलं.

तो जरा दुखावला. त्याच्या घराण्यात सिंह असेच करतात, म्हणाला. मुलं घाबरू नयेत म्हणून.

मला ते हसणं पटलं नाही. हसणारा सत्ताधीश मला रागावलेल्यापेक्षा जास्त संशयास्पद वाटतो. पण वेळ नव्हता. त्यानं सिंह जुन्या धोतरात बांधून दिले आणि मी ते गाठोडं मांडीवर घेऊन बसमध्ये बसले.

निर्मलचा घाट चढताना झाडी दोन्ही अंगांनी जवळ येते. साग निष्पर्ण झालेले, मधेच एखादा पळस पेटल्यासारखा. वर गेल्यावर हवा एकदम थंड झाली आणि बस थांबली. रस्त्यावर लाकूड आडवं टाकलं होतं. दोन पोलीस चढले. त्या भागात तेव्हा नक्षलवाद्यांमुळे अशी तपासणी रोजचीच होती, इतर लोक न सांगताच पिशव्या उघडू लागले. मी मात्र गाठोडं घट्ट धरलं.

“इसमें क्या है?”

“सिंह हैं,” मी म्हटलं.

बसमधलं बोलणं थांबलं. पोलिसानं गाठ सोडली. चार हसरी तोंडं बाहेर आली. त्यानं गाठोडं फिरवून चारही बाजू पाहिल्या.

“ये तो सरकार का निशान है. आपके पास कैसे?”

“सरकार के पहले का है,” मी शाळेतल्या आवाजात म्हटलं. “सरकार ने बाद में लिया.”

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मला माझ्या वर्गातल्या मागच्या बाकावरच्या मुली आठवल्या. मग तो दुसऱ्याशी तेलुगूत काहीतरी बोलला, दोघं हसले, आणि त्यानं गाठ पुन्हा बांधून दिली, माझ्यापेक्षा घट्ट.

इचोडा

इचोडा म्हणजे हमरस्त्याच्या दोन्ही बाजूंना पसरलेली दुकानं, ढाबे आणि नागपूर-हैदराबाद करणारे ट्रक. दादाराव उतरायच्या जागी उभेच होते. त्यांनी आधी गाठोडं घेतलं, मग मला नमस्कार केला. ढाब्यावर चहा घेतला. दुधापेक्षा साखर जास्त, आणि साखरेपेक्षा आलं.

“पटेलानं सभेला यायचं कबूल केलं,” दादाराव म्हणाले.

“कोण पटेल?”

“आमच्या गावचे. जंगू पटेल. गोंड लोकायचे मुखिया. गावात चाळीसेक घरं त्यायची, आमची बारा.”

“स्तंभाला त्यांची हरकत आहे का?”

“हरकत म्हंजे...” ते चहा ढवळू लागले. “तुमी बोलल्यावर नाई राह्यनार.”

म्हणजे हे होतं. मला सोहळ्यासाठी बोलावलेलं नव्हतं. एका माणसाचं मन वळवायला बोलावलं होतं, आणि ज्या मालाबद्दल माझीच खात्री नव्हती तो माल मी विकायचा होता. जीपमध्ये मी पुढं काही विचारलं नाही. जीपनंतर बैलगाडी होती. बैलगाडीतही नाही.

करंजगुडा

दादारावांची बायको सुमन अंगणात चूल पेटवून बसली होती. उंच, सावळी, कमी बोलणारी. तिनं मला गरम पाणी दिलं, मग ज्वारीची भाकरी, तिळाची चटणी आणि वांग्याचं भरीत. आमच्याकडे भरीत थंड झाल्यावर दही घालतात. इथं ते चुलीवरून थेट ताटात, धुराच्या वासासकट.

“कोंबडी करनार होतो,” ती म्हणाली, “पन हे म्हने, अशोकाच्या कार्यक्रमाले आलेल्या मानसाले कोंबडी नको.”

मी हसले. तिला सांगितलं की त्या राजाच्या मुदपाकखान्यात आधी रोज हजारो प्राणी मारत. मग त्यानं ते बंद केलं आणि दगडावर कोरून ठेवलं की आता फक्त दोन मोर आणि एक हरीण, आणि हरीणही रोज नाही. पुढे तेही बंद करू.

सुमननं भाकरी उलटली. “मंग मोर काऊन ठेवले?”

“आवडत असतील.”

“असं व्हय,” ती म्हणाली. थोड्या वेळानं मला तीच म्हणाली, “ताई, जागेचं सांगतलं का यायनं तुमाले?”

तिनं सांगितलं ते असं. स्तंभाचा खड्डा खणला होता तो गावाच्या पूर्वेला, जिथून गोंडांची त्यांच्या देवाच्या झाडाकडे जायची वाट निघते. जागा पडीक. पट्टा कुणाच्याच नावावर नाही. दादारावांना वाटलं, मोकळी आहे, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल. त्यांनी खणायला घेतलं तेव्हा जंगू पटेल येऊन खड्ड्याच्या काठावर बसला आणि एवढंच म्हणाला की हा राजा कोण ते आधी सांगा. दादारावांनी सांगितलं, महान राजा. पटेल म्हणाला, ते तर सगळेच राजे असतात.

“ते वाईट मानूस नाई,” सुमन म्हणाली. “माह्या बाळंतपनात त्यायच्याच घरची बाई आली होती. पन इचारल्याबिगर मानत नाई.”

दुसऱ्या दिवशी सकाळी पटेल स्वतःच आला. साठीच्या पुढचा, बारीक अंगाचा, डोक्याला पांढरा पटका, खांद्यावर घोंगडी. मला राम राम केला आणि म्हणाला, “चला बाई. जरा फिरून येऊ.”

मी, दादाराव आणि तो असे निघालो. दव इतकं होतं की माझ्या साडीचा काठ ओला झाला. एका तुरीच्या वावरात तो थांबला. बांधाच्या पलीकडून सागाचं जंगल सुरू होत होतं, आणि बांधावर एक चौकोनी दगड गाडलेला होता. वर काहीतरी कोरलेलं, शेवाळात बुजलेलं.

“निजामाच्या टायमाचा हाये,” पटेल म्हणाला. “माह्या आज्यासमोर गाडला. साहेब घोड्यावरून आला होता म्हने. लय गोड बोलला. आज्याले तमाखू देल्ला. दगड गाडून गेला. मंग मालूम पडलं, दगडाच्या तिकडचं आपलं नाई. तिकडं आमचं वावर होतं, आमचा देव होता.” त्यानं दगडावर हात ठेवला, एखाद्या जुन्या ओळखीच्या पण न आवडणाऱ्या माणसाच्या खांद्यावर ठेवावा तसा. “ह्या जंगलात लिवलेला दगड आला की काईतरी जाते. म्हनून म्या मास्तरले इचारलं. हा राजा कोन?”

दादाराव म्हणाले, “पटेल, हा तसा दगड नाई. हा शांतीचा दगड हाये. सांगा ना ताई.”

मी सांगायला लागले. राज्य किती मोठं होतं. कलिंगावर स्वारी केली, लाखभर माणसं कापली गेली, दीड लाख धरून नेली. मग राजाला पस्तावा झाला. त्यानं बुद्धाचा धर्म धरला, रस्त्यांवर झाडं लावली, माणसांना आणि जनावरांना औषधं मिळावीत असं केलं, आणि पस्ताव्याची गोष्ट स्वतः दगडावर कोरून घेतली. हे सगळं माझ्या तोंडपाठ आहे. पटेल ऐकत होता.

“लोक मारले त्यायच्या गावात कोरलं का?” त्यानं विचारलं.

हा प्रश्न मला वर्गात एकाही मुलीनं विचारला नव्हता. मी स्वतःला मात्र अनेकदा विचारला आहे, आणि त्याचं उत्तर मला माहीत होतं.

“नाही,” मी म्हटलं. “दुसरीकडं कोरलं. कलिंगात जे दगड आहेत त्यांवरून तो मजकूर गाळलेला आहे.”

दादारावांनी माझ्याकडे पाहिलं.

“अन् जंगलातल्या लोकायबद्दल?” पटेल म्हणाला. “त्याच्या राज्यात जंगल होतं का नाई? लोक होते का नाई? त्यायले काय सांगतलं?”

इथं मी थांबू शकले असते. माहीत नाही म्हणाले असते तर कुणाला कळणार होतं? मुधोळच्या ओसरीवरचे बाबा माझ्या डोळ्यांसमोर होते, आणि दादारावांचा श्वास मला ऐकू येत होता. पण समोरचा माणूस त्या हद्दीच्या दगडावर हात ठेवून विचारत होता.

“सांगितलंय,” मी म्हटलं. “पस्तावा लिहिला त्याच दगडावर. जंगलातल्या लोकांना राजा समजावतो आहे, पण त्यांना हेही सांगा, की पस्तावा झाला असला तरी राजाच्या हातात ताकद आहे. त्यांनी आपल्या वागण्याची लाज धरावी, नाहीतर मारले जातील. आणि दुसऱ्या एका ठिकाणी लिहिलंय, जंगल विनाकारण जाळू नये.”

पटेलानं दगडावरचं शेवाळ अंगठ्यानं खरवडलं. मग म्हणाला, “मंग? मारलं का?”

“माहीत नाही. पुढचं लिहिलेलं नाही.”

“त्या लोकायनं लिवलं असन.”

“त्यांचं लिहिलेलं काही सापडलं नाही.”

“मंग तुमाले राजानं सांगतलं तेवढंच मालूम हाये,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. त्यानं घोंगडी सारखी केली आणि जंगलाच्या कडेकडेनं एकटाच निघून गेला.

परतताना दादाराव माझ्या पुढे चालत होते. घराजवळ आल्यावर ते वळले.

“ताई, आमाले हजार वर्सं कोनी राजा देल्ला नाई. एक सापडला. त्याच्यातबी तुमी किडे काढता?”

“त्यांनी विचारलं, दादाराव.”

“त्यायनं इचारलं. आमीबी तुमाले काईतरी मागतलं होतं.”

मी वाकून साडीचा ओला काठ पिळला.

दुपारी गोंड वस्तीत मोहाच्या झाडाखाली मंडळी बसली. आम्हाला बोलावलं नव्हतं. संध्याकाळी पटेलाकडून निरोप आला: त्या वाटेवर खांब नको. शाळेच्या अंगाला, तुमच्या घरांकडे लावा, तिथं आमचं काही म्हणणं नाही. दादाराव निरोप ऐकून आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले. पौर्णिमा दुसऱ्याच दिवशी होती. मुधोळ, भैंसा, आदिलाबादहून माणसं यायची होती, आणि स्तंभ चुकीच्या जागी आडवा पडला होता.

सुमननं थोडा वेळ वाट पाहिली. मग पदर खोचला, कुदळ घेतली आणि शाळेच्या कुंपणाशी जाऊन खणायला लागली. आमच्या बारा घरांतले लोक एकेक करून आले. मीही माती टोपल्यात भरली. जरा वेळानं दादाराव बाहेर आले, कुणाशी बोलले नाहीत, पण सुमनच्या हातातली कुदळ घेतली.

सकाळी खांब हलवायचा प्रश्न होता. तो बारा घरांना पेलणारा नव्हता. आम्ही दोर बांधून खटपट करत असताना जंगू पटेल दोन बैलजोड्या आणि दहा-बारा माणसं घेऊन आला. दादारावांकडे पाहिलं नाही. बैल जुंपले, लाकडाचे ओंडके खाली सरकवले, आणि उन्हं चढायच्या आत खांब शाळेपाशी उभा राहिला. सिंह वर बसवताना एकाच्या कानाचा टवका उडाला. रंगाऱ्यानं तिथं पिवळा रंग लावला.

हा रंगारी इचोड्याहून आला होता. चौथऱ्यावर त्याला ‘महान सम्राट अशोक’ लिहायचं सांगितलेलं होतं. तो डबा उघडून दादारावांकडे बघू लागला, आणि दादाराव माझ्याकडे.

“काय लिवायचं ते तुमीच सांगा आता,” ते म्हणाले. काल सकाळनंतर माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

“मी काय सांगू? स्तंभ तुमचा आहे.”

“तुमाले खरं पाह्यजे ना?”

मी विचार करून म्हटलं, “कलिंगानंतर त्यानं स्वारी केली असं कुठं सापडत नाही. तेवढं खरं आहे.”

“धमकी देल्ली तेबी खरं हाये.”

“हो.”

रंगाऱ्यानं ब्रश पुसला, पुन्हा बुडवला. शेवटी दादाराव त्याला म्हणाले, “लिव. कलिंगानंतर ज्यानं युद्ध केलं नाही तो राजा अशोक.” मग माझ्याकडे न बघता, “ताई, यातलं आता काई काढू नका. एवढी एक ओळ राहू द्या आमाले.”

मी मान हलवली. ‘महान’ गेलं होतं. त्याचं मला समाधान वाटायला हवं होतं, पण तसं वाटलं नाही. लिंबाजीबाबांना हे वाचून दाखवतील तेव्हा ते काय म्हणतील, एवढंच मनात येत होतं.

सभा शाळेच्या पटांगणात झाली. बाहेरून आलेली माणसं पुढे, गावची मागे, गोंड मंडळी अगदी मागे, आंब्याखाली. वंदना झाली. मी बोलले. पस्ताव्याचं बोलले, झाडांचं, औषधांचं बोलले, आणि जंगलातल्या लोकांना दिलेल्या ताकिदीचंही बोलले. आदिलाबादहून आलेल्या एका गृहस्थांनी मधेच उठून विचारलं, “हे आजच सांगायची गरज होती का?” मी म्हटलं, “गावानं विचारलं होतं.” ते बसले, पण नंतर माझ्याकडे फिरकले नाहीत. टाळ्या पडल्या त्या वंदनेला जास्त, मला कमी. राजा महान होता की नव्हता, हे मी शेवटपर्यंत सांगितलं नाही. मला ते ठरवता आलेलं नाही.

आभार मानायला दादाराव उभे राहिले. पाहुण्यांचे मानले, रंगाऱ्याचे मानले, बैलांचेही मानले, त्यावर लोक हसले. मग ते खाली उतरले आणि मधली सगळी माणसं ओलांडून आंब्याखाली गेले. तिथल्या बायकांना आणि म्हाताऱ्यांना माझं पुस्तकी मराठी पुरतं कळलेलं नव्हतं. दादाराव त्यांच्यात उकिडवे बसले आणि गोंडीत बोलायला लागले.

मला गोंडी येत नाही. शब्दांमधून ‘अशोक’ तेवढं ऐकू यायचं. माझ्या मनात लगेच आलं, की आता हे पटेलाला बाजूला ठेवून आपली गोष्ट दुरुस्त करून घेणार, मी काढलेला खडा परत भातात कालवणार. हात वर करून, मूठ आवळून ते काहीतरी सांगत होते. सुमन माझ्याशेजारी ताटं मांडत होती. तिला गोंडी येते.

“काय सांगतायत?” मी विचारलं.

ती हातातलं ताट तसंच धरून ऐकत राहिली.

“तेच,” ती म्हणाली. “पस्तावा झाला ते. मंग जंगलवाल्यायले धमकी देल्ली ते. कलिंगात कोरलं नाई तेबी सांगतलं.”

आंब्याखाली एका म्हातारीनं काहीतरी विचारलं. दादाराव एकदम थांबले. जंगू पटेलही त्यांच्याकडे बघत होता. मग दादाराव हळू आवाजात काहीतरी बोलले, आणि म्हातारीनं मान डोलावली.

“ती काय म्हणाली?”

“मारलं का, असं इचारलं तिनं.”

“आणि दादाराव?”

सुमननं ताट खाली ठेवलं. “म्हने, मालूम नाई माय. आमच्या राजानं सांगतलं नाई.”